कॉम्प्युटरची घरघर : आवाज एकीकडे, कारण दुसरीकडे

कापडाच्या धंद्यात वही-खात्याच्या जोडीला आता कॉम्प्युटर आला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून बिले, आवक-जावक आणि रिटर्न या कामांसाठी लहान व्यापाऱ्यालाही त्याची गरज पडते. दिवसा दुकानात गिऱ्हाईक असते. म्हणून पुष्कळ व्यापारी बंधू हिशेबाचा कॉम्प्युटर घरी ठेवतात आणि रात्री जेवणानंतर खाते घेऊन बसतात. घर शांत झाले की डब्यातून येणारी घरघर कानावर येते.

लूमच्या खटखटाटात दिवस काढणाऱ्याला ती क्षुल्लक वाटेल. पण हा आवाज बहुधा दोनपैकी एक गोष्ट सांगत असतो. एक तर एखादा पत्रा किंवा स्क्रू सैल आहे, ज्याचा इलाज रबराच्या तुकड्याने होतो. नाही तर एखादा फिरणारा भाग खराब होत चालला आहे. तो भाग हार्डडिस्क असेल तर आपले अनेक वर्षांचे हिशेब धोक्यात असतात. हा फरक ज्याला ओळखता येत नाही, त्याला दुरुस्तीवाला सांगेल तो भाग बदलावा लागतो.

आवाज मोठा का होतो?

कॉम्प्युटरमध्ये फिरणाऱ्या वस्तू थोड्याच असतात : पंखे, आणि जुन्या पद्धतीची असेल तर हार्डडिस्क. ७२०० फेऱ्यांची डिस्क मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० वेळा. डिस्क लहान असल्याने तिचा स्वतःचा आवाज कमीच असतो. पण ती पत्र्याला घट्ट कसलेली असते. तिचा कंप पत्र्यात उतरतो आणि रुंद पत्रा डफासारखा वाजू लागतो. पत्र्याखाली पोकळ लाकडी टेबल असेल तर तेही वाजते. शिलाई मशीन फरशीवर चालवून पाहावे आणि मग पोकळ पाटावर. मशीन तेच, पण आवाज दुप्पट वाटतो.

दुसरी बाब अशी की प्रत्येक पत्र्याची एक विशिष्ट गती असते, त्या गतीला तो सर्वांत जास्त थरथरतो. पंख्याचा वेग तिथे पोचला की आवाज एकदम वाढतो आणि वेग बदलला की बसतो. म्हणून जिथून आवाज येतो तिथेच बिघाड आहे, असे धरून चालू नये.

आधी हिशेबाची नक्कल

डबा उघडण्यापूर्वी सर्व हिशेबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक रिटर्न भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने दप्तर जपून ठेवावे लागते. डिस्कमधून ठराविक अंतराने कट्‌कट् असा किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर बाकी सर्व कामे सोडून नक्कल करावी. अशा डिस्कवर रबराचा इलाज करण्यात अर्थ नाही.

शोध कसा घ्यावा?

प्रथम कॉम्प्युटर चालू असताना डब्याच्या बाजूंवर, वर आणि पुढे एकेका जागी तळहात दाबून पाहावा. जिथे दाबल्यावर आवाज बसतो, तो पत्रा वाजतो आहे. मग कॉम्प्युटर बंद करून डब्याखाली नमद्याची जाड घडी ठेवावी. खालची जाळी झाकू नये. पुन्हा चालू केल्यावर आवाज कमी झाला तर टेबल वाजत होते. डिस्क फिरत असताना डबा उचलू किंवा हलवू नये.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर वायर काढून बाजूचा पत्रा उघडावा आणि कॉम्प्युटर तसाच चालू करावा. कापडाचा रोल ज्यावर गुंडाळलेला असतो ती पुठ्ठ्याची नळी आपल्या दुकानात पडलेलीच असते. तिचे एक टोक कानाला लावून दुसरे एकेका भागाजवळ न्यावे; कशालाही, विशेषतः पंख्याला, टेकू देऊ नये. कोणता भाग बोलतो ते नळी बरोबर दाखवते.

खात्री करण्यासाठी कॉम्प्युटर बंद करून कॅबिनेटच्या एका पंख्याची वायर काढावी, मिनिटभर चालवून ऐकावे, वायर परत लावावी आणि मग दुसरा पंखा घ्यावा. प्रोसेसरवरील पंखा मात्र कधीही काढू नये. तसेच बंद अवस्थेत डिस्कच्या वायरी काढून पाहाव्यात. डिस्क एकच असेल तर कॉम्प्युटर पुरता सुरू होणार नाही, पण पंखे फिरतील आणि आवाजातला फरक कळेल. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर कोणत्या बदलाने आवाज गेला हे समजत नाही.

आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा आवाज हळूहळू चढत असे आणि पुन्हा उतरत असे. पंखे एकेक करून काढले, तरी फरक पडला नाही. आत ७२०० फेऱ्यांच्या दोन डिस्क होत्या. कोणत्याही दोन डिस्क अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत. एक ७२०० फेरे घेत असेल आणि दुसरी ७१९४, तर दर दहा सेकंदांनी दोघींचा कंप एकत्र येतो आणि परत फुटतो. शेजारच्या दोन लूमचे ठोके कधी जुळतात, कधी सुटतात, तसाच हा प्रकार. दोहोंपैकी कोणतीही एक डिस्क काढली की चढउतार थांबे. डिस्क दोन्ही निरोगी होत्या. स्क्रूखाली रबराचे वॉशर घालताच घरघर बसली.

इलाज

सैल स्क्रू बेताने कसावेत. वाजणारा पत्रा जिथे चौकटीला टेकतो तिथे नमद्याची पट्टी चिकटवावी. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसली की तोल जातो. ब्रशने साफ करताना पाती बोटाने धरावीत. साफ करूनही पंखा घरघरत असेल तर त्याचे बेअरिंग झिजले असे समजावे आणि तो बदलावा. जागा असेल तर मोठा पंखा घ्यावा, कारण तो कमी वेगात तेवढीच हवा देतो.

शौकीन लोक कमरपट्ट्याला लावतात त्या इलॅस्टिकच्या दोन फेऱ्यांत डिस्क टांगतात. त्यामुळे कंप पत्र्यापर्यंत पोचतच नाही. मात्र पत्र्यातून जाणारी उष्णता अडते, म्हणून डिस्कवर हवा खेळती हवी. उष्णतेने इलॅस्टिक ढिले पडते. ते अधूनमधून तपासावे. डबा कुठे न्यायचा असेल तर आधी डिस्क कसून बसवावी.

पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते. आवाज तिथला असेल तर तो पूर्ण बदलावा. हवेच्या जाळ्या कापडाने बुजवू नयेत. काम वाढले की बारीक शिट्टीसारखा सूर येत असेल तर तो विजेच्या कॉइलचा असतो. त्यावर रबर चालत नाही. बहुधा धोकाही नसतो.

नवीन घेणाऱ्यांनी हिशेबासाठी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती आवाज करत नाही. पण ती खराब होताना आवाज करूनही सांगत नाही. तेव्हा डबा घरघर करो वा शांत राहो, दर आठवड्याला हिशेबाची नक्कल घेऊन ती वेगळ्या जागी ठेवावी. दुरुस्तीवाल्याकडे जाताना तपासात काय आढळले ते कागदावर लिहून न्यावे आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.