वाटेवरच्या माणसाचे घर

वाचकहो, केसांच्या जटा झालेला, अंगावर चिंध्यांचा भार वाहणारा आणि स्वतःशीच पुटपुटत चालणारा मनुष्य आपण बाजाराच्या गावी कितीदा तरी पाहिला असेल. मुले त्याला खडे मारतात, मोठी माणसे वाट बदलतात. तोही कोणाचा तरी पुत्र आहे आणि दूर कोठेतरी त्याची आई दाराकडे डोळे लावून बसली असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही.

मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांच्या मनाला तो शिवला. एके दिवशी उपाहारगृहात बसले असता, समोर एक कृश तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पीत असलेला त्यांना दिसला. उभयता उठली, त्याला आपल्या शुश्रूषागृहात घेऊन आली. स्नान, अन्न व औषध मिळताच काही काळाने तो बोलू लागला. तेव्हा कळले की, तो आंध्रातील एका सुशिक्षित घरातला पदवीधर होता! अशाच अनुभवांतून १९८८ साली 'श्रद्धा' या संस्थेचा जन्म झाला. प्रारंभी दोन-तीन रुग्णांपुरती जागा होती. पुढे दहिसरला वीस खाटांचे रुग्णालय झाले आणि २००६ साली कर्जतजवळ मोठे केंद्र उभे राहिले. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला, तोवर ७००० हून अधिक मनोरुग्णांना संस्थेने रस्त्यावरून उचलले होते.

या कार्याचे मर्म असे की, हा आसरा जन्मभराचा नाही. तो वाटेवरचा विसावा आहे. रुग्णाला आणल्यावर प्रथम त्याचे केस कापतात, जखमा धुतात, पोटभर जेवू घालतात. मग औषधोपचार चालतो. झोप येऊ लागते, भीती व भास ओसरतात आणि एके दिवशी तो आपले नाव सांगतो, गावाचे नाव सांगतो. मग कार्यकर्ते त्याला घेऊन आगगाडीने त्याच्या गावी निघतात. ज्याला घरच्यांनी मृत मानले होते, तो अंगणात उभा राहतो!

परंतु कथा येथे संपत नाही. बरे वाटले म्हणून औषध सोडले, तर आजार बहुधा उलटतो आणि मनुष्य पुन्हा वाटेला लागतो. म्हणून कार्यकर्ते घरच्या मंडळींना आजार समजावून सांगतात, औषधे कशी द्यावी हे शिकवतात. खरी शुश्रूषा पुढे घरच्यांनाच करावयाची असते. अंगारेधुपारे, साखळदंड आणि शेजाऱ्यांची कुत्सित नजर यांनी ती विफल होते.

आणि आपण काय करावे? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ अन्वये, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशा भटक्या मनोरुग्णाला संरक्षण देणे हे पोलीसठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे लागते. त्याचे घर शोधण्याची जबाबदारीही पोलिसांवरच आहे. तेव्हा असा कोणी दिसला, तर ठाण्यात वर्दी द्यावी. आपल्याच घरात कोणाचे मन ढळू लागले असेल, तर सरकारच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि तोवर? एक भाकरी, तांब्याभर पाणी, आणि "बाबा, तुझे गाव कोणते?" एवढा प्रश्न. उत्तर आज येणार नाही कदाचित. पण विचारणारा कोणी आहे, हे तरी त्याला कळेल.