अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीवरील आक्षेप : नेमके काय काढले जाते आणि कोण काढते?

ऑगस्ट 2022 मध्ये, शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, टेक्सासमधील फोर्ट वर्थलगतच्या केलर येथील शाळांना एक ई-मेल गेला. मागील वर्षी ज्यांच्यावर हरकती आल्या होत्या, ती सुमारे 40 पुस्तके ग्रंथालयांतून तूर्त काढून घ्यावीत, असा त्याचा आशय होता. यादीत बायबल होते. अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीची चित्ररूप आवृत्तीही होती. पुढच्याच वर्षी फ्लोरिडातील व्हेरो बीचच्या हायस्कूलमधून हीच आवृत्ती हटवण्यात आली, तर टेक्सासच्या हॅमशायर-फॅनेट येथे आठवीच्या वर्गाला तिच्यातील उतारा वाचावयास दिल्यावरून एका शिक्षिकेला वर्गातून दूर करण्यात आले. ‘अमेरिकेत अ‍ॅन फ्रँकवर बंदी’ असे मथळे तेव्हा झळकले. ते अर्धसत्य होते, कारण अ‍ॅनची रोजनिशी हे एकच एक पुस्तक नाही.

जुलै 1942 पासून 4 ऑगस्ट 1944 रोजी अटक होईपर्यंत अ‍ॅन आपल्या कुटुंबासह अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपून राहिली. युद्धकाळातील रोजनिश्या पुढे संग्रहित केल्या जातील, असे मार्च 1944 मध्ये रेडिओवर ऐकल्यावर तिने स्वतःच आपल्या लेखनाचे प्रकाशनासाठी पुनर्लेखन आरंभले. 1945 च्या आरंभी बर्गेन-बेल्सन छळछावणीत तिचा मृत्यू झाला. वडील ऑटो फ्रँक यांनी दोन्ही खर्डे एकत्र करून, काही मजकूर गाळून, 1947 मध्ये डच आवृत्ती काढली. इंग्रजी अनुवाद 1952 चा. गाळलेला मजकूर घेऊन सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली आवृत्ती इंग्रजीत 1995 साली आली. आरी फोलमन आणि डेव्हिड पोलोन्स्की यांची चित्ररूप आवृत्ती इंग्रजीत 2018 ची.

‘मूळ पुस्तक कपाटात आहेच, आम्ही फक्त ही आवृत्ती काढली,’ हा युक्तिवाद ऐकायला समतोल वाटतो. परंतु व्हेरो बीचमध्ये ज्या प्रसंगावर बोट ठेवले गेले, म्हणजे नग्न पुतळे पाहणारी आणि मैत्रिणीविषयी शारीरिक कुतूहल व्यक्त करणारी अ‍ॅन, तो चित्रकाराच्या कल्पनेतून आलेला नाही. तो जानेवारी 1944 च्या नोंदीत आहे आणि 1952 च्या, आपल्यापैकी अनेकांनी वाचलेल्या, अनुवादातही आहे. चित्रामुळे तो डोळ्यांत भरतो, एवढाच फरक. आक्षेपकांची बाजू पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही : अ‍ॅनने स्वतःही रोजनिशीची दोन पाने तपकिरी कागदाने झाकली होती. मात्र तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीने लिहिलेले त्याच वयाच्या मुलांना वाचू द्यायचे नाही, हे मला तरी कोडेच वाटते.

हरकतींची कारणे काळागणिक बदलली. 1983 मध्ये अलाबामाच्या पाठ्यपुस्तक समितीतील चार सदस्यांना ही रोजनिशी फारच खिन्न करणारी वाटली. त्याच दशकात टेनेसीतील काही पालकांनी रोजनिशीवर आधारित नाटकाच्या पाठावर आक्षेप घेतला : कोणताही धर्म चालेल, असे त्यातून सूचित होते म्हणून. 1987 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. 1995 नंतर रोख वाढीव आवृत्तीतील शरीरवर्णनाकडे वळला. वंशसंहाराचा विषय नको, असे मात्र यांतील कोणी सहसा म्हणत नाही. फ्लोरिडात तर तो शिकवणे 1994 पासून कायद्याने अनिवार्य आहे.

खरा फरक पडतो तो कार्यपद्धतीने. बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टचे लेखी धोरण असते : तक्रार लेखी हवी, समितीने पुस्तक तपासावे, मग निर्णय व्हावा. 2010 मध्ये व्हर्जिनियातील कल्पेपर येथे एका पालकाने केवळ तोंडी तक्रार केली. समिती नेमलीच गेली नाही आणि वाढीव आवृत्ती अभ्यासातून बाजूला झाली. 2013 मध्ये मिशिगनच्या नॉर्थव्हिलमध्ये त्याच आवृत्तीविरुद्ध तक्रार आली. समितीने विचार केला आणि पुस्तक राहिले. केलरमध्येही समितीने चित्ररूप आवृत्ती ठेवण्याची शिफारस आधीच केली होती. पण मे 2022 च्या निवडणुकीनंतर स्कूल बोर्डाची रचना बदलली आणि नव्या धोरणानुसार सारी फेरतपासणी पुन्हा सुरू झाली.

न्यायालयाचा आधारही आता तोकडा पडू लागला आहे. केवळ त्यातील विचार पटत नाहीत म्हणून शाळेने ग्रंथालयातून पुस्तक काढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाच्या काही न्यायाधीशांनी 1982 च्या पिको खटल्यात म्हटले. परंतु त्या मताला बहुमत नव्हते. मे 2025 मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, टेक्सासमधील लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयासंबंधी, पुस्तके हटवण्याला वाचक माहिती मिळवण्याच्या हक्काच्या आधारे आव्हान देऊ शकत नाहीत, असा निर्णय दिला. हे सर्किट टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांपुरते आहे. तेथील मराठी पालकांच्या हाती यापुढे मुख्यतः स्कूल बोर्डाची सभा आणि, नागरिकत्व असल्यास, बोर्डाच्या निवडणुकीतील मत उरते. सभेत बोलण्यासाठी सामान्यतः नागरिकत्वाची अट नसते. एच-1बी व्हिसावरील पालकही नाव नोंदवून आपले म्हणणे मांडू शकतात.