तोंडाने ओढायचा दोरा

कापड गिरणीतल्या धोट्याला एका बाजूला बारीक भोक असे. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचा दोरा त्या भोकातून बाहेर काढायचा. झटपट मार्ग एकच होता: भोकाला ओठ लावायचे आणि दोरा ओढून घ्यायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जाई, म्हणजे ओठांनाही लागे. एवढ्याशा कारणावरून मुंबईच्या गिरण्यांतलं साचाखातं, म्हणजे विणकामाचं खातं, अस्पृश्य कामगारांना बंद होतं. सूतखात्यापेक्षा तिथे पगार बरा मिळे. ही बंदी मालकांनी फर्मान काढून घातली नव्हती. शेजारच्या साच्यावरच्या, त्याच चाळीतल्या, संपात खांद्याला खांदा लावणाऱ्या कामगारांनीच ती पाळली होती. मालकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

महाराष्ट्रातल्या डाव्या चळवळीचा आढावा पक्षांच्या फुटीपासून आणि निवडणुकीच्या आकड्यांपासून सुरू करायची रीत आहे. त्या वाटेने गेलं की लेख दोन पानांत आटोपतो आणि शेवटी हळहळ उरते. मी धोट्यापासून सुरुवात करतो, कारण ही चळवळ कुठे जिंकली आणि कुठे घसरली याचा हिशेब मला अशा बारीक जागांतच सापडतो. विषमता माणसाच्या ओठाला, पाठीला, चुलीला जिथे चिकटलेली असते तिथवर कार्यकर्ता पोचला, तिथे काहीतरी बदललं. ‘आधी वर्ग, मग बाकीचं’ म्हणून जे जे पुढे ढकललं, ते बहुतेक परत आलंच नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडची कामगार चळवळ जातीच्या प्रश्नातूनच जन्माला आली होती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी सुट्टी हवी, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. आज रविवारी उशिरापर्यंत लोळताना लोखंड्यांचं नाव कुणाला आठवत नाही. पुढच्या पिढीतले कार्यकर्ते मार्क्स वाचून आले, फुले मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांनी वाचले होते.

१९२८चा संप एप्रिलअखेर सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर ही शिकलेली मंडळी आणि अर्जुन आळवे, कासले यांच्यासारखे साच्यावरून आलेले पुढारी यांनी मेमध्ये गिरणी कामगार युनियन काढली, तीच मुळी संप चालू असताना. साडेपाच महिने पगार नाही. वाण्याची उधारी, गावाकडून आलेले तांदूळ आणि खानावळवालीची माया यांवर गिरणगाव तगलं. एवढी मोठी एकजूट मुंबईने पूर्वी पाहिली नव्हती. पण याच काळात साचाखातं सगळ्यांना खुलं करा ही मागणी यादीत यावी म्हणून डॉ. आंबेडकरांना युनियनशी भांडावं लागलं. मालकांपुढे समतेच्या मागण्या ठेवणाऱ्यांना ही मागणी अडचणीची वाटली, कारण ती मांडायची तर आपल्याच माणसांना दुखवावं लागणार होतं. १९२९च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला. डाव्या लेखनात त्याबद्दल त्यांच्यावर बराच काळ राग निघत राहिला. त्या रागात धोट्याचा उल्लेख क्वचित असे.

डावे आणि आंबेडकर या दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय घडतं हेही लगेच दिसलं. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३मध्ये जमीनदार खोतांच्या विरोधात शेतकऱ्यांनी संप केला. पुढारी नारायण नागू पाटील. आजूबाजूची पंचवीस गावं त्यात उतरली, जमीन पडीक राहिली, लोकांनी लाकूडफाटा विकून पोट भरलं आणि हे थोडंथोडकं नव्हे, सहा वर्षं. आपणच आपली जमीन कसायची नाही, हे शेतकऱ्याला किती जड जात असेल! आंबेडकरांनी १९३७मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच व्यासपीठावर आले. ही मैत्री टिकली असती तर, असा प्रश्न मनात येतोच. टिकली नाही.

यापुढचा प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वारली आदिवासी सावकाराच्या वेठीला होते. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही सावकाराची होत. त्यांना लग्नगडी म्हणत. ते कर्ज फिटत नसे आणि बाईवरही मालक हक्क सांगे. शामराव आणि गोदावरी परुळेकर १९४५मध्ये तिथे गेले. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेला काही वारली येऊन गेले होते. मे महिन्यात झरी गावच्या सभेनंतर वेठ बंद करायचं ठरलं आणि गावोगाव लग्नगडी मोकळे झाले. मग मजुरीचा प्रश्न. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. क्रांतीच्या पोथीत हा आकडा सापडायचा नाही. तो भारा वाहणाऱ्यांकडूनच आला. मालकांनी सरकारला घाबरवलं आणि ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड धरून पाच जण मारले गेले. लोक पांगले, पण गवताला विळा लावला नाही. शेवटी दर मान्य झाला. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं. वकिली शिकलेली, पुण्याच्या सुखवस्तू घरातली ही बाई वारल्यांकडून काय शिकली, म्हणूनही ते वाचता येतं. आजच्या विधानसभेत मार्क्सवादी पक्षाचा एकच आमदार आहे आणि तो डहाणूचा आहे.

मधली वर्षं भराभर ओलांडतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डावे आघाडीवर होते आणि राज्य मिळताच मागे पडले. जून १९७०मध्ये लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेने घेतली. गिरणगावातला बावटा तेव्हाच उतरू लागला होता. १९७२ला मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणलं. एक समाजवादी, दुसरी मार्क्सवादी. पुरुष पुढाऱ्यांना जे जमत नव्हतं ते रॉकेल आणि तेलाच्या भावाने जमवलं. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. तिच्यातला ‘मार्क्स की बुद्ध’ हा वाद म्हणजे धोट्याचंच भांडण, फक्त मोठ्या शब्दांत. शहाद्यात श्रमिक संघटना भिल्ल शेतमजुरांसाठी लढत होती. मजुरीसाठी एकत्र आलेल्या बायकांनी तिथे दारूची मडकी फोडायला सुरुवात केली, आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेला विषय पुढाऱ्यांना घ्यावा लागला.

हमालांचं काम मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे, कारण आजच्या ॲप-कंपन्यांच्या युगात त्याचाच धडा लागू पडतो. बाजारातला हमाल कुणाचाच नोकर नसे. सकाळी या आडत्याची पोती, दुपारी त्याची. मालक कोण विचारलं तर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवी. मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. मंडळ नेमायचं, व्यापाऱ्यांनी आणि टोळ्यांनी त्यात नोंद करायची, मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही द्यायची आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मालक सापडत नाही ना, मग सगळ्या बाजारालाच मालक धरा! पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणण्यासाठी लढा दिला आणि ‘कष्टाची भाकर’ही चालवली. अण्णासाहेब आणि बाबा दोघेही लाल पक्षाचे नव्हते. मी त्यांना डाव्या परंपरेतच मोजतो. कुणाची हरकत असेल तर असो. दारात जेवणाचा डबा आणून देणारा मुलगा आज ‘भागीदार’ म्हणवला जातो, तेव्हा हा जुना कायदा पुन्हा काढून वाचावासा वाटतो.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप रीतसर कधी संपलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, कारण १९४६च्या कायद्याने मान्यता दिलेला एकमेव संघ त्यांना आपला वाटत नव्हता. हार का झाली यावर पुस्तकं आहेत. मला एवढंच जाणवतं की मालकांना तोवर कापडापेक्षा जमिनीत रस वाटू लागला होता, आणि ज्याला माल काढायचाच नाही त्याला काम थांबवण्याची धमकी काय करणार? १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एकेक तृतीयांश महापालिका आणि म्हाडाला द्यायचा होता. २००१मध्ये नियम बदलला, फक्त मोकळ्या जागेचेच हिस्से करायचे ठरले, आणि २००६ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कामगारांच्या वाट्याला घरांची सोडत आली आणि तिच्यासाठी दत्ता इस्वलकरांसारख्यांना आयुष्य घालवावं लागलं.

२००८मध्ये रायगडात महामुंबई सेझविरुद्ध, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध, पेण तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सरकारला जनमत घ्यायला लावलं. एन. डी. पाटील त्या लढ्यात होते. चरीचं शिवार तिथून दूर नाही. सेझची जमीन शेवटी संपादित झालीच नाही.

आणि मार्च २०१८. नाशिकहून निघालेले शेतकरी सहा दिवस चालून मुंबईत आले. त्यांच्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी पुष्कळ. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. सोलवटलेल्या पायांचे फोटो तेव्हा घरोघर पोचले. कर्जमाफीच्या बातम्यांत त्यांची मुख्य मागणी थोडी झाकली गेली: २००६च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीचे दावे मंजूर करा. त्या कायद्यात एक कलम आहे. लग्न झालेल्या माणसाला पट्टा द्यायचा तर तो एकट्याच्या नावे द्यायचा नाही, नवराबायको दोघांच्या नावे करायचा. झरीच्या सभेला तेव्हा त्र्याहत्तर वर्षं होत आली होती, आणि लाल टोपी घातलेल्या कितीतरी बायका आपलं नाव असलेला तो कागद मागायला आझाद मैदानात बसल्या होत्या.