अतिशीत प्रदेशातील परसबागेचे खुराडे : रचना आणि वायुवीजन
(विशेष संदर्भ : क्युबेक प्रांत, कॅनडा)

प्रास्ताविक :

परसातील कुक्कुटपालन हा घरगुती अन्नपुरवठ्याचा जुना व अल्पखर्चिक मार्ग होय. मात्र हिवाळ्यात तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरणाऱ्या क्युबेकसारख्या प्रांतात खुराड्याची रचना हा पक्ष्यांच्या जीविताचाच प्रश्न बनतो. अशा ठिकाणी खुराडे शक्य तितके बंदिस्त करून आत उष्णता पुरवावी, असा समज सर्रास आढळतो. हेतू चांगला असला तरी परिणाम बहुधा उलट होतो. त्याची कारणे आणि त्यांना अनुसरून करावयाची रचना यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थंडी आणि ओलावा :

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. पिसांच्या थरांत अडकून राहिलेली हवा हीच तिची रजई. पक्षी कोरडा असेल, खाद्य पुरेसे असेल आणि पिसे विस्कटणारा वारा अंगावर येत नसेल, तर प्रौढ कोंबडी कडाक्याची थंडीही सहन करते. ओलसर हवेत हे संरक्षण दुबळे होते. तुऱ्यावर आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्यांवर पिसे नसल्याने हिमदंश प्रथम तेथेच होतो.

हा ओलावा मुख्यतः पक्षीच निर्माण करतात. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. त्यातील काही अंश अंड्यात जातो. उरलेले पाणी श्वास व विष्ठेवाटे बाहेर पडते. दहा कोंबड्यांसाठी ४० चौरस फुटांचे आणि साडेसहा फूट उंचीचे खुराडे धरल्यास त्यात सुमारे साडेसात घनमीटर हवा मावते. शून्य अंश तापमानाला एवढी हवा जेमतेम ३६ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. दिवसभरात आत पडणारे पाणी मात्र लिटरमध्ये मोजावे लागते. ते जाणार कोठे? भिंतींवर, छतावर आणि अखेरीस तुऱ्यांवर. ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया डोळ्यांना व श्वसनमार्गाला इजा करतो, ही आणखी एक भर.

यावरील उपाय थंड हवेतच दडलेला आहे. उणे २० अंशाच्या एक घनमीटर हवेत फार तर एक ग्रॅम बाष्प असते. ती आत येऊन पक्ष्यांच्या अंगच्या उबेने शून्य अंशापर्यंत तापली, तर जवळजवळ चार ग्रॅम बाष्प शोषून बाहेर नेऊ शकते. बाहेरची हवा कितीही बोचरी वाटली तरी ती कोरडी असते, हे ध्यानात घेतले की खिडक्या-फटी बुजवण्याचा आग्रह आपोआप सैल होतो.

रचनेचे स्वरूप :

हवेचे मार्ग छताच्या वळचणीखाली, दांडीवर बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर असावेत. म्हणजे बाष्प निघून जाते आणि वारा अंगावर येत नाही. सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूस बर्फाचा थर दिसला, तर वायुवीजन अपुरे आहे असे खुशाल समजावे. यापेक्षा सोपी कसोटी नाही.

अमेरिकेतील प्रिन्स टी. वुड्स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याहून धाडसी रचना मांडली. त्यांच्या खुराड्याची दक्षिणेकडील बाजू केवळ जाळीची असून उरलेल्या तीन बाजू घट्ट बंद असतात. खोली रुंदीपेक्षा अधिक ठेवल्याने मागील भागातील हवा स्थिर राहते आणि पक्षी तेथे झोपतात. हिवाळ्यातील कललेले ऊनही आतपर्यंत पोहोचते. मात्र ही खोली कमी केल्यास साराच हिशेब चुकतो.

बसण्याची दांडी गोल व बारीक नसावी. चार इंच रुंदीची लाकडी पट्टी आडवी ठेवल्यास कोंबडी पावले सपाट टेकून बसते आणि पोटाची पिसे बोटांवर पसरतात. जमिनीवर लाकडाच्या भुशाची जाड गादी ठेवावी व ती कोरडी राखावी. पाणी गोठू नये म्हणून भांड्याखाली ऊब देणारी बैठक वापरणे योग्य. सांडलेले पाणी मात्र तत्काळ टिपून घ्यावे.

उष्णता देणारे दिवे लावण्याबाबत दोन आक्षेप आहेत. कोरडा भुसा, धूळ आणि तापलेला दिवा यांच्या सान्निध्यात आग लागण्याचा धोका उघड आहे. दुसरे असे की कृत्रिम उबेत वाढलेल्या पक्ष्यांना थंडीची सवय होत नाही. जानेवारी १९९८ मधील गोठत्या पावसाच्या वादळात क्युबेकच्या काही भागांत वीज कित्येक आठवडे खंडित होती. अशा प्रसंगी दिव्यावर विसंबलेले खुराडे एका रात्रीत निकामी होते.

जातीची निवड :

याच प्रांतातील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलॅं यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळ्या बाजूने विचार केला. खुराडे बदलण्याऐवजी त्यांनी कोंबडीच बदलली. अनेक जातींच्या संकरातून सिद्ध झालेल्या 'शांतक्लेर' जातीचा तुरा उशीसारखा बसका आणि पाळ्या अत्यंत लहान असतात. हिमदंशाला जागाच उरत नाही. १९२१ मध्ये तिला अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची मान्यता मिळाली. मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्नसारख्या जाती पाळावयाच्या असल्यास वायुवीजनाबाबत अधिक दक्षता घ्यावी लागते.

उघड्या बाजूची जाळी अर्ध्या इंचाहून मोठ्या छिद्रांची नसावी. ती रॅकून व उंदरांना अडवतेच. शिवाय २०२१ च्या अखेरीस कॅनडात बर्ड फ्लूचा विषाणू आढळल्यानंतर रानपक्ष्यांना खाद्यापासून दूर ठेवणे हेही तिचे काम झाले आहे.