शेवंतीला हवी अंधारी रात्र

उत्तर भारतात ‘गुलदाउदी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेवंतीची प्रदर्शने डिसेंबरात भरतात. चंदीगढच्या टेरेस्ड गार्डनमधील प्रदर्शन त्यांपैकीच एक. तेथील प्रत्येक टपोऱ्या फुलामागे कित्येक महिन्यांची निगा असते.

उशिरा फुलणाऱ्या जातींची छाट कलमे जून-जुलैत लावतात. पुढे रोपे १० इंची कुंडीत हलवून त्यांना काठीचा आधार देतात. मोठ्या फुलासाठी शेंड्याची एकच कळी राखून बगलेतील कळ्या लहान असतानाच खुडतात. नवख्या बागप्रेमीच्या जिवावर येणारे हे काम. परंतु ते टाळल्यास फुले अनेक येतात, प्रदर्शनाजोगे एकही येत नाही. कळीला रंग दिसू लागताच खत थांबवावे.

एवढे करूनही सारे श्रम एका दिव्यामुळे वाया जाऊ शकतात. दिवस-रात्रीच्या लांबीवर वनस्पतींचे फुलणे अवलंबून असते, हे गार्नर व अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले. लांब, अखंड अंधारी रात्र हाच शेवंतीला कळी धरण्याचा संकेत होय. रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर कुंडीवर पडल्यास कळी लांबणीवर पडते आणि प्रदर्शनाची तारीख हुकते. म्हणून सप्टेंबरपासूनच कुंड्यांची जागा दिवसा नव्हे, रात्री पाहून ठरवावी.