शुक्राचा कातळ आणि फुलंब्रीची विहीर

ज्या फुलंब्री तालुक्यात पाण्यासाठी काळा कातळ सुरुंगाने फोडावा लागतो, तेथील शेतकऱ्याने ‘शुक्रावर यान धाडण्यास १,२३६ कोटी रुपये कशाला?’ असे विचारल्यास त्याला अडाणी ठरविण्याचा अधिकार शहरातील सुशिक्षितांस पोचत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही मोहीम मंजूर केली, तेव्हा मार्च २०२८ हा उड्डाणाचा काळ ठरविला होता. प्रश्न सरळ आहे. त्याला उत्तरही सरळच दिले पाहिजे.

शुक्र हा मोठा वैरी ग्रह. भूपृष्ठाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस, हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट आणि वर गंधकाम्लाचे ढग! सोव्हिएत रशियाचे ‘व्हेनेरा-४’ १९६७ मध्ये खाली उतरता उतरताच मुके झाले. १९७० मध्ये ‘व्हेनेरा-७’ने जमिनीवरून २३ मिनिटे क्षीण संदेश पाठविले. १९८२ मध्ये ‘व्हेनेरा-१३’ ३२ मिनिटे तगावे एवढीच अपेक्षा होती; ते १२७ मिनिटे तगले आणि तेथील खडक बेसॉल्टच्या जातीचा असल्याचे त्याने कळविले. म्हणजे फुलंब्रीच्या विहिरीत लागतो त्याच कुळातला! आकारानेही शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढाच. तेथे एके काळी पाणी असावे, असे अनेक शास्त्रज्ञांस वाटते. ते आटले कसे आणि कर्बवायूच्या दाट आवरणाखाली त्या ग्रहाची भट्टी कशी झाली, हे जाणणे पृथ्वीवासीयांस अनाठायी खासच नाही.

म्हणून हा धोका पत्करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तो यंत्राने पत्करावा, माणसाने नव्हे. भारताचे यान शुक्राभोवती फिरणार आहे, उतरणार नाही. गेलेच तर यंत्र आणि पैसा जाईल. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘विक्रम’ चंद्रावर कोसळले, ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच नावाचे दुसरे यान अलगद उतरले. मधल्या चार वर्षांत पहिल्याच्या चुका कामी आल्या.

विहीर खणणाऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. पाणी लागेलच अशी हमी त्यालाही कोणी देत नाही. फरक एवढाच, की तो स्वतःची पुंजी घालतो आणि सरकार त्याची. तेव्हा मोहीम फसली तर तिचा संपूर्ण अहवाल त्याला मराठीतून वाचावयास मिळाला पाहिजे.

राहिला फुलंब्रीच्या पाण्याचा प्रश्न. ते शुक्रामुळे अडले आहे, असे आम्हांस वाटत नाही. ते कशामुळे अडले, हे बंगळुरूच्या शास्त्रज्ञांस नव्हे, मुंबईच्या मंत्रालयास विचारावयाचे आहे.