सागवानाला उजेड कसला हवा?

सुरतेहून उधना, भेस्तान मागे टाकून गाडी मुंबईच्या दिशेने निघाली की सचिन येतं. आज त्याची ओळख जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीची; पण पूर्वी हे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबांचं संस्थान होतं. १९४८ मध्ये ते विलीन झालं आणि १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात राहिलं. याच दक्षिण गुजरातेत डांगचं जंगल. तिथल्या सागवानासाठी इंग्रजांनी १८४० च्या दशकातच भिल्ल राजांकडून ते पट्ट्याने घेतलं होतं. या भागातल्या एखाद्या मराठी घरात पन्नास-साठच्या दशकातला निमुळत्या पायांचा सागवानी टीपॉय निघाला, की त्यावर जुना टेबल लॅम्प ठेवायची हौस होतेच. हौस चांगलीच आहे, पण तिच्याभोवती समजुती फार आहेत.

सगळ्यात पक्की समजूत म्हणजे फर्निचर ज्या दशकातलं, लॅम्पही त्याच दशकातला हवा. असा नेम त्या काळी कुणीच पाळला नव्हता. या फर्निचरच्या शैलीला ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हे नाव रूढ झालं तेच मुळी कारा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे. १९५५ साली नवा टीपॉय घेणाऱ्याने त्यावर वडिलांच्या वेळचा पितळी लॅम्प ठेवला, तर ते घरात रीतीचंच होतं. लॅम्पही लाकडाचाच हवा, हा आग्रहही सोडावा. सागावर सागाचा दांडा ठेवला की दोन्हींच्या रेषा एकमेकींत हरवतात. पितळ, चिनी माती किंवा काच ठेवली तर लाकूड उठून दिसतं.

खरं बिघडतं ते उंचीत. त्या काळचं फर्निचर बुटकं आहे. खुर्चीत बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर यावी. टीपॉय २० इंचांचा असेल तर लॅम्पच्या बुडापासून शेडच्या कडेपर्यंत २० इंच हवेत. त्याहून उंच लॅम्प असला की उघडा बल्ब डोळ्यांत खुपतो.

‘जुन्या लॅम्पला जुनाच पिवळा बल्ब लागतो’ हेही खरं नाही. ६० वॅटचा तारेचा बल्ब आपली बहुतेक वीज उष्णतेत घालवतो. तेवढाच उजेड ८-९ वॅटचा एलईडी देतो. मात्र खोक्यावरचे दोन आकडे वाचून घ्या. उजेडाचा रंग २७०० केल्विन असावा आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर. आपल्याकडे सर्रास लावतात त्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात सागाचा सोनेरी तांबूसपणा जातो, लाकूड राखाडी दिसू लागतं. लोक मग दोष पॉलिशला देतात आणि घासायला काढतात. त्याआधी बल्ब बदलून पाहा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

लॅम्पच्या उजेडाने लाकूड विटतं, असंही म्हणतात. लाकडाचा रंग बदलतो तो मुख्यतः खिडकीतल्या उन्हाने, आणि तोही प्रत्येक लाकडाचा सारखा नाही. नुकताच रंधा मारलेलं सागवान उजेडात एकसारखं सोनेरी होत जातं, शिसव उन्हात फिकट पडतं. खिडकीजवळच्या टीपॉयवरचा लॅम्प काही वर्षांनी उचलला की खाली वेगळ्या छटेचं गोल वर्तुळ दिसतं, ते यामुळेच. अधूनमधून लॅम्पची जागा बदलत राहिलं की ते टळतं. बुडाला रबर लावू नये. लाखेच्या पॉलिशवर रबराचा डाग बसतो. न रंगवलेलं लोकरी फेल्ट चिकटवावं. पॉलिश लाखेचं आहे का, हे ओळखायला टीपॉयच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर लाखच.

उरली वायर. मूळ वायर काढली तर वस्तूची किंमत जाते, या भीतीने लोक धोका घरात ठेवतात. कापडी वेष्टनाच्या वायरमध्ये आत रबर असतं, ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकतं, आणि होल्डरपाशी सर्वात आधी. प्लग काढून तिथे वायर जरा वाकवा. आतून चुरा पडला तर तो लॅम्प पुन्हा लावूच नका. वायर आणि होल्डर हे झिजणारे, बदलायचेच भाग आहेत. मूळ होल्डर हवा तर जपून ठेवा. दांडा धातूचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग घालून घ्या, अर्थिंगची तार थेट दांड्याला जोडायला सांगा, आणि बटण फेजवरच बसलंय ना, हे टेस्टरने दाखवून मागा.